डाव्या गालावरचा तीळ

भिंतीवर माझा फोटो होता आणि त्याला चंदनी हार घातलेला होता.

मी उंबऱ्यातच थांबलो. एक पाय आत, एक बाहेर. फोटोतल्या माणसाच्या अंगात काळा कोट, डोक्याला काळी टोपी, मान खाली, नजर जमिनीकडे. असला कोट आणि असली टोपी मी जन्मात घातली नव्हती. पण नाक माझं होतं, हनुवटी माझी होती, गालावरचा तीळसुद्धा माझाच. रोज सकाळी दाढी करताना जो माणूस आरशात भेटतो तोच हा, यात शंका घ्यायला जागा नव्हती. खाली पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, ‘कै. वामनराव सोनाजी हिवरकर’. समोर उदबत्ती जळत होती.

“कोन पाह्यजे जी?” म्हणत आतून एक बाई आली. पस्तिशी-चाळिशीची, कपाळ मोकळं, हातात चिरलेल्या कांद्याची ताटली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

ताटली तिच्या हातून पडली नाही. दुसरी कुणी असती तर भांडं आपटून शेजार गोळा झाला असता. हिनं ताटली शांतपणे खाली ठेवली, पुढं होऊन मला दंडाला धरून आत घेतलं आणि माझ्या मागचं दार लोटलं.

“तुमी जिते हाये?”

“सध्या तरी,” मी म्हणालो.

“मंग आजच कायले आले?” ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

तिथं मी कसा पोचलो ते सांगतो. तेव्हा मी वजनकाटे विकायचो. कंपनी सांगलीची, फिरती वऱ्हाड-खानदेशातली. किराणा, भाजी, भंगार, सराफी, सगळी माझी गिऱ्हाइकं. या धंद्यानं मला एक खोड लावली. माणूस समोर आला की मनातल्या मनात त्याला पारड्यात टाकायचं. हा बोलतो किती आणि भरतो किती. बहुतेक माणसं कागदी पिशवीसकट तोललेली असतात, पिशवी काढली की काटा वर जातो.

दुसरी खोड कॅमेऱ्याची. फिरतीवर दुपारी दुकानांची दारं अर्धी लोटलेली असतात, शेठजी गादीवर कलंडलेले असतात. तेवढ्या वेळात मी गावाच्या गल्ल्या पालथ्या घालायचो. देवळं, किल्ले, मावळता सूर्य यांच्या वाटेला गेलो नाही. ती मंडळी फोटोला सोकावलेली असतात. मला हवा असायचा हातगाडीखाली झोपलेला केळीवाला, नळावर बादल्यांची रांग लावून भांडणाऱ्या बायका, पानाच्या ठेल्यावर उगाच उभे असलेले तिघे. कॅमेरा जुना, दोन भिंगांचा. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून आत बघायचं. लोकांना वाटायचं या गृहस्थाच्या पोटात दुखतंय, आणि ते आपापल्या उद्योगाला लागायचे. पुढच्या फेरीत ज्याचा फोटो त्याला मी एक प्रत नेऊन द्यायचो. त्यानं ओळख वाढते आणि ओळखीनं काटे खपतात. माझं कुठलंच पुण्य निव्वळ नसतं.

तिसरी गोष्ट भूक. लग्न केलं नाही. सांगलीत असलो की भीमाकाकूंच्या खानावळीत जेवायचो, आणि जेवायचो म्हणजे शेजारच्या पाटावरचा माणूस आपलं ताट जवळ ओढून घ्यायचा. काकू म्हणायच्या, “शिंत्रे, तुमच्या एका ताटावर माझं नुकसान आणि तुमच्या कौतुकावर माझा धंदा. पण वर्षातून एक दिवस तुमच्या भुकेला सुट्टी असते बघा. पितृपक्षात एकदा तुमचं ताट जसंच्या तसं परत येतं.” त्या पंधरवड्यात नवा काटा कुणी घेत नाही, म्हणून मी सांगलीतच असायचो. हवा बदलते, पोट जड होतं, असं मी म्हणायचो.

अकोल्याच्या जुन्या शहरात पुंडलिक अंबुलकरचं सलून होतं. एक खुर्ची आणि भिंतभर आरसा. पुंडलिकाची पद्धत अशी की गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावायचा, म्हणजे त्याला बोलता येत नाही, आणि मग आपण बोलायला सुरुवात करायची. एका दुपारी रस्त्यावर उभा राहून मी तो देखावा टिपला. खुर्चीत फेसानं पांढराशुभ्र झालेला एक शेतकरी, हवेत वस्तरा धरून सरकार पाडणारा पुंडलिक, आणि आरशात पोटाशी कॅमेरा धरून उभा असलेला मी. पुढच्या फेरीत त्याला प्रत दिली. मग माझा भाग बदलला. काही वर्षांनी पुन्हा वऱ्हाड वाट्याला आलं तेव्हा दाढी वाढवून हौसेनं त्या गल्लीत गेलो, तर सलूनच्या जागी सायकलींचं दुकान. दुकानदार म्हणाला, पुंडलिकानं दुकान स्टेशनाकडं हलवलं, पण दुपारी बहिणीकडं जेवायला येतो. त्या बोळात, निळं दार.

निळ्या दाराच्या आत मी कैलासवासी होतो.

“पुंडलिक कुठाय?” मी विचारलं.

“पेढे आनाले गेला. पाव्हने येऊन राह्यले आज, मंदीले पाहाले. माह्या पोरीले.” तिनं मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं पडद्यामागं बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. “तुमी जा जी. पाया पडते. आत्ताच्या आत्ता जा.”

“जातो. पण मी गेलो कशानं, एवढं तरी कळू दे.”

“काविळीनं.”

“बरेच दिवस आजारी होतो?”

तिला हसू आलं असावं, पण तिनं ते गिळलं. मग भराभरा बोलली, दाराकडे एक डोळा ठेवून. तिचं नाव द्वारका. नवरा बल्लारशाकडे लाकडाच्या डेपोत कामाला गेला आणि तिकडंच त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं. परत आला नाही, येतो म्हणालाही नाही.

“टाकलेल्या बाईले कोनी खोली देत नाही जी. देलीच, तर अंधार पडला की कडी वाजवते. चार घरं फिरली मी पोरीले घेऊन. मंग दादा म्हने, मेलेल्या नवऱ्याच्या बाईले देतात. म्या कुंकू पुसलं. खोली भेटली.”

“मग त्याचाच फोटो लावायचा होता.”

“त्याचे होते ते चुलीत घातले. अन् त्याच्यापुढं रोज हात जोडू? त्याच्यापुढं?” ती म्हणाली. “मालकीनबाई रोज इचारे, फोटो कुठी हाये मालकाचा, दिवा कुठी लावता. दादाच्या दुकानात हा होता. दादा म्हने, हा मानूस सांगलीचा, काई परत येत नाही. स्टुडिओवाल्यानं आरशातलं तोंड मोठं केलं, वरून कोट-टोपी घालून देली.” ती फोटोकडे बघत थांबली. “नवऱ्याचं तोंड असं खाली पाहनारं म्या कदी पाह्यलं नव्हतं. मले बरं वाटलं.”

माझ्या तोंडाशी एक थट्टा तयार होती. ती तशीच राहिली.

“आणि नवरा परत आला तर?”

“त्याले हार दाखवीन. म्हनीन, तुमी मेले, आता कायचे येता?” ती उठली. “पित्तर बी जेवू घालते तुमाले दर साली. मालकीनबाई पाहाते ना. पहिल्या वर्षी कावळाच शिवे ना. पान मांडून बसलो, अर्धा दिस गेला. बाई म्हने, जीव अडकला मालकाचा, काही कबूल कर. मी काय कबूल करू? मनातच म्हनलं, जो कोनी असशीन बापा, जेवून घे. लगेच आला.”

“कुठल्या दिवशी?”

“अष्टमीले. काऊन?”

“काही नाही,” मी म्हणालो. भीमाकाकू दिवस मोजणाऱ्यातल्या नव्हत्या, पण एकदा ताट उचलताना म्हणाल्या होत्या, अष्टमीचा एवढा चांगला स्वयंपाक वाया घालवलात.

मी जायला वळलो आणि दार बाहेरूनच उघडलं. पाहुणे लवकर आले होते. पुढं पुंडलिक पेढ्यांचा पुडा घेऊन, मागं एक उंच, खाकी पँटचा माणूस, त्याच्यामागं एक लाजरा मुलगा आणि काठी टेकत एक म्हातारी. पुंडलिक काहीतरी बोलत आत येत होता. मला पाहिलं आणि त्याचं बोलणं बंद पडलं. त्याच्याच तोंडाला कुणी फेस लावावा तसं.

पण न्हावी तो न्हावी. पुडा या हातातून त्या हातात जाईपर्यंत त्यानं मला नातं दिलं.

“या, या! हे आमच्या वामनरावचे भाऊ. सांगलीकडं असतात. मोठ्या कंपनीत.”

“राम राम,” मी म्हणालो.

खाकी पँटवाला म्हणजे मुलाचा बाप, तुळशीराम. एस.टी.त कंडक्टर. ज्याचं आयुष्य लोकांची तोंडं बघण्यात आणि ‘तुमचं तिकीट दाखवा’ म्हणण्यात गेलं, अशा माणसाची नजर काट्यासारखी असते. त्यानं ती माझ्यावर ठेवली, मग भिंतीवर ठेवली, आणि सावकाश खाली बसला.

“भाऊ म्हनता? आमाले तं सांगतलं होतं, ते एकटेच होते.”

“चुलत,” मी म्हणालो.

“चुलत अन् इतकं सारखं?”

“घराण्याचं नाक आहे आमच्या,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

“काय झालतं त्यायले?”

“कावीळ.” आता मला आपल्या मरणाचा थोडा सराव झाला होता. “अंगावर काढली. स्वभावच तसा. कुणाला सांगायचा नाही, मान खाली घालून सोसायचा.”

द्वारका भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर घट्ट धरला होता. माझ्या डोळ्यांसमोर तिचं सगळं त्या क्षणी मांडलेलं होतं. ही खोली, बोळातलं नाव, आतली मुलगी. आणि ते सारं एका खिळ्यावर टांगलेलं. मी तिथून नाहीसा झालो असतो तर बरं झालं असतं, पण दारात मुलगा उभा होता.

म्हातारी बसली नव्हती. काठी टेकत ती भिंतीपाशी गेली, फोटोखाली उभी राहिली, मग वळून माझ्याजवळ आली. तिचे डोळे पिकलेले होते, पण आंधळे नव्हते.

“तुळश्या,” ती म्हणाली, “हा तोच मानूस हाये.”

“आजी, भाऊ हायेत ते,” पुंडलिक म्हणाला.

“गप बस तू. भावाभावाचं तोंड सारखं राह्यते, पाह्याची तऱ्हा सारखी नाही राहात. हा तोच हाये. जिता मानूस भिंतीवर टांगला हो यायनं!”

तुळशीराम उठला. द्वारकेनं डोळे मिटले.

पडदा बाजूला झाला. हातात चहाचा ट्रे घेऊन मुलगी बाहेर आली. सतरा-अठराची, आईसारखीच शांत. कप एकमेकांना लागून वाजत होते, तेवढाच काय तो भीतीचा पुरावा.

“आजी,” ती म्हणाली, “बाबाले तीळ डाव्या गालावर होता. काकाचा उजव्या गालावर हाये. पाहा ना.”

म्हातारीनं पाहिलं. फोटोच्या काचेवर बोट ठेवलं, डाव्या गालावर. मग तेच बोट माझ्या गालावर ठेवलं, उजव्या. बोट थंड होतं आणि त्याला काचेवरची अंगाऱ्याची भुकटी लागलेली होती.

“होय व माय,” ती पुटपुटली.

एवढी वर्षं मी फोटो काढत होतो, पण आरशाची ही लबाडी माझ्या ध्यानात आली नव्हती. रोज दाढी करताना तीळ मला जिथं दिसायचा तिथंच फोटोत दिसला, म्हणून उंबऱ्यात मी स्वतःला क्षणात ओळखलं. बाकीच्या जगाला मी उलटा दिसतो. मी मुलीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, चहा पुढं केला. हिला ही गोष्ट आत्ता सुचली, की रोज दिवा लावताना ती त्या माणसाचा इतका अभ्यास करत आली होती? तिला तोललं आणि काटा खाली बसला तो वर आलाच नाही.

म्हातारी मात्र अजून बसेना. “मंग पाया पड ना भावाच्या,” ती म्हणाली. “इतक्या दुरून आला, अन् हात बी नाही जोडला. कसा भाऊ तू?”

सगळे माझ्याकडे बघत होते. द्वारकेनं डोळे उघडले.

मी आयुष्यात पुष्कळ लोकांपुढं वाकलोय. काटे विकायचे तर वाकावंच लागतं. मी फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. काचेत माझा चेहरा त्याच्या चेहऱ्यावर बसला, आणि दोन्ही गालांवर तीळ असलेला एक तिसराच माणूस तिथं दिसू लागला. मी हात जोडले. मग गुडघे टेकले आणि जमिनीला कपाळ लावलं. उठताना वर पाहिलं. त्याची नजर खाली होती हे मी मघाच सांगितलं. ती बरोबर तिथंच होती, जिथं पाया पडणाऱ्याचं तोंड येतं. काढताना मी कॅमेऱ्याच्या भिंगात बघत होतो, हे मला माहीत होतं. तरी तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याला माझी कीव येत होती.

“झालं,” म्हातारी म्हणाली आणि तिनं बसकण मारली. “जिता मानूस आपल्याच हाराच्या पाया नाही पडत. दे व पोरी, चहा दे.”

पोहे झाले, मुलीला दोन-तीन प्रश्न झाले, मुलानं एकदा वर पाहिलं. निघताना तुळशीराम म्हणाला, “आमाले पसंत हाये. तुमी मोठे म्हनून सांगतो.” मी मोठेपणानं मान हलवली. पुंडलिक पेढे वाटता वाटता रडला, आणि त्याला फार वेळ कुणीही अडवलं नाही.

मला पोचवायला द्वारका दारापर्यंत आली. मी खांद्यावरचा कॅमेरा पुढं घेतला. “तुमचा एक फोटो काढू का? दाराशीच. उजेड चांगला आहे.”

“कायले? हाये ना तुमच्यापाशी.”

“माझ्यापाशी? कुठला?”

“त्याच आरशात. दादाचा डबा घेऊन आलती मी. तुमच्या मागं उभी होती.” ती थांबली. “दादानं तो फोटो दाखवला, तवा म्या पयले आपल्याला पाह्यलं, मंग तुमाले.”

सांगलीला परतल्यावर मी ती निगेटिव्ह शोधली आणि आरशाचा तेवढाच भाग मोठा करून घेतला. खरंच होती. माझ्या डाव्या खांद्यामागं, डबा कडेवर धरून, रस्त्यात वाकून उभ्या असलेल्या पोटदुख्या माणसाला बघून ती पदर दातात धरून हसत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. फेसवाला शेतकरी आणि पुंडलिक वगळले तर तो जोडीचा फोटो होता. मी तो चौकटीत बसवून खोलीत ठेवला. कुणी विचारलं तर, गावाकडची माणसं आहेत, असं सांगायचो.

मंदाच्या लग्नाला काका म्हणून उभा राहिलो, पंगतीत सपाटून जेवलो. त्यानंतर अकोल्यात कामापुरता जायचो, त्या बोळात गेलो नाही. मेलेल्या माणसानं उगाच फिरू नये. दरवर्षी पितृपक्षातल्या अष्टमीला दुपार झाली की पोट भरल्यासारखं व्हायचं. तोंडात कधी उडदाच्या वड्याची चव यायची, कधी खिरीची. भीमाकाकू ताट उचलून न्यायच्या आणि काहीतरी टोमणा मारायच्या. मी हवेवर ढकलायचो. फिरती सुटली, कॅमेरा माळ्यावर गेला, अष्टमीची सुट्टी मात्र चुकली नाही.

मग एका वर्षी त्या दिवशी मी पाटावर बसलो आणि जेवू लागलो. दोन पोळ्या, आणखी दोन, भात, पुन्हा भात. काकू आता थकल्या होत्या, भिंतीला धरून वाढायच्या. आमटीची पळी हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “आज सुट्टी नाही का भुकेला?”

माझा हात ताटात थांबला. कोणता दिवस आहे ते मी विचारलं नाही. पोटात आग पडली होती. सबंध जन्मात कधी लागली नव्हती अशी भूक, कुणी घास घालायचं विसरल्यासारखी. पुंडलिकाला पत्र टाकून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

“काकू, एक पान मांडून द्या. सगळं वाढा.”

“कुणाचं पान, शिंत्रे? तुमचं तर कुणी नाही.”

“घरच्या माणसाचं.”

त्यांनी केळीचं पान घेतलं, पोळी, भात, खीर, वडे, सगळं वाढलं. मी ते गच्चीवर नेलं आणि कठड्यावर ठेवलं. कावळे होते. समोरच्या कौलांवर, तारेवर, पाण्याच्या टाकीवर. एकही खाली येईना. ऊन डोक्यावर आलं. खालून पंगतीचे आवाज येत होते, मग तेही थांबले. कावळे माझ्याकडे मान वाकडी करून बघत होते, आणि पान सुकत चाललं होतं.

त्या खोलीत मी तिला नुसतं ‘तुम्ही’ म्हणालो होतो. नाव कधी घेतलं नव्हतं.

मी आजूबाजूला पाहिलं. गच्चीवर कुणी नव्हतं.

“द्वारका,” मी म्हणालो. “ये. जेवून घे.”

तारेवरचा एक उडाला आणि पानाशी येऊन उतरला.